डोबी, जेम्स फ्रँक

डोबी, जेम्स फ्रँक : (२६ सप्टेंबर १८८८ – १८ सप्टेंबर १९६४). अमेरिकन लेखक, लोककथांचा संग्राहक आणि अध्यापक. जन्म दक्षिण टेक्ससमधील लाइव्ह ओक काउंटीत, घरच्या रँचवर (गुरे पाळण्याच्या मोठ्या मळ्यावर). पुढील शाळेसाठी तो सोळाव्या वर्षी आजी-आजोबांकडे ॲलिस या गावी गेला. जॉर्जटाउनच्या साउथवेस्टर्न विद्यापीठातून १९१० मध्ये पदवी आणि कोलंबिया विद्यापीठातून १९१४ मध्ये एम. ए. झाल्यावर तो ऑस्टिनच्या टेक्सस विद्यापीठात इंग्रजी शिकवू लागला. पहिल्या महायुद्धात तो तोफखान्यात होता.

त्याच्या लेखनाला दिशा मिळाली ती नोकरी सोडल्यावर. १९२० मध्ये राजीनामा देऊन त्याने ला सॅल काउंटीतील चुलत्याची रँच वर्षभर सांभाळली. तिथे सांतोस कॉर्तेझ हा वाकेरो (मेक्सिकन गुराखी) रात्री गोष्टी सांगत बसे. या गोष्टी कोणी लिहून ठेवलेल्या नाहीत आणि त्या जपणे हेच आपले काम, हे डोबीला तिथे उमगले. युद्धानंतर गुरांचे भाव कोसळले होते. त्यामुळे १९२१ मध्ये तो विद्यापीठात परतला. १९२२ पासून दोन दशके त्याने टेक्सस लोकसाहित्य मंडळाचे सचिवपद आणि त्याच्या वार्षिक ग्रंथांचे संपादन सांभाळले.

डोबीचे लेखन समजायला तिथली झाडी समजून घ्यावी लागते. सॅन अँटोनिओच्या दक्षिणेस रिओ ग्रांद नदीपर्यंत पसरलेला हा मुलूख मेस्किट, काटेरी झुडपे आणि फड्या निवडुंगाने गच्च भरलेला आहे. (आपल्याकडची वेडी बाभूळ मेस्किटच्याच कुळातली.) इथला गुराखी मांड्या-पोटऱ्यांवर जाड कातड्याचे आवरण चढवतो आणि रिकिबींवर कातड्याची टोपणे लावतो, नाहीतर फांदी रिकिबीत घुसून पाऊल फोडते. मोकळ्या माळावरचा लांब दोर इथे कुचकामी ठरतो, कारण डोक्यावर गरगर फिरवायला जागाच नसते. दोर आखूड, फास लहान आणि फेक एकाच हिसक्यात. टेक्ससचा गुराखी दोराचे टोक खोगिराच्या बोंडाला (पुढच्या खुंटीला) पक्के बांधतो, कॅलिफोर्नियाचा नुसते वेढे देतो. वेढ्यात अंगठा सापडून तुटण्याची भीती असते. पक्क्या गाठीला वेगळा धोका आहे : हजार पौंडांच्या जनावराने ओढ दिली की खोगीर मागून उचलले जाते. म्हणून टेक्ससच्या खोगिराला पुढे एक आणि मागे एक असे दोन तंग असतात.

रानटी लाँगहॉर्न (लांब शिंगांची टेक्ससची जुनी जात) बैल पकडल्यावर त्याला हाकत नेणे अशक्यच. मग शिंगांच्या बुडाला दोर बांधून त्याला झाडाशी अडकवून ठेवत. दोर गळ्याला बांधला तर जनावर गुदमरे आणि बुंध्याभोवती गुंडाळला गेला तर मान मोडे. म्हणून तो बुंध्याभोवती सहज फिरेल असा सैल ठेवावा लागे. झटके देऊन शिंगांची बुडे हुळहुळी झाली की बैल नरमे. शिंगांची टोके करवतीने कापून त्याला एका माणसाळलेल्या बैलाच्या गळ्याशी जखडत आणि दोघांना सोडून देत. घरच्या बैलाला गोठ्यातल्या मक्याची चटक असे, त्यामुळे तो नव्याला फरपटत का होईना, घरी आणी. उन्हाळ्यात झाडाशी बांधलेल्या जनावराकडे वेळेवर कोणी फिरकले नाही, तर ते तहानेने मरे.

अशा तपशिलांनीच त्याची पुस्तके भरली आहेत. पहिले, जॉन यंग या जुन्या गुराख्याच्या आठवणींवर आधारलेले, १९२९ मध्ये आले. १९३१ मधील गुप्तधनाच्या कथांच्या संग्रहाने त्याला देशभर वाचक दिले. लाँगहॉर्न गुरांवरचे (१९४१), कोयोट या कोल्ह्यासारख्या प्राण्यावरचे (१९४९) आणि रानघोड्यांवरचे (१९५२) हे तीन ग्रंथ सर्वांत टिकाऊ ठरले. लाँगहॉर्नची जात संपत आल्यावर १९४१ च्या सुमारास त्याने तेलव्यावसायिक सिड रिचर्डसन व पशुपालक ग्रेव्ह्ज पीलर यांच्या साथीने राज्याच्या उद्यानांसाठी अस्सल जनावरे जमवली.

अध्यापक म्हणून त्याचे नाव झाले ते ‘नैर्ऋत्येचे जीवन आणि साहित्य’ या अभ्यासक्रमामुळे. अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागाला साहित्यच नाही, असा सहकाऱ्यांचा आक्षेप होता. जीवन तर भरपूर आहे, तेच शिकवतो, असे त्याचे उत्तर. या वर्गासाठी तयार केलेल्या ग्रंथसूचीवर त्याने हक्क राखले नाहीत. ज्याला हवे त्याने हवे ते उचलावे, असे तिच्यात छापलेच आहे. पीएच. डी. त्याने कधी केली नाही आणि त्यापायी बढती अडल्यावर १९२३ ते १९२५ ही दोन वर्षे ओक्लाहोमात काढली. दुसऱ्या महायुद्धात तो केंब्रिजला अमेरिकन इतिहास शिकवत होता. टेक्सस विद्यापीठाच्या नियामकांनी १९४४ मध्ये अध्यक्ष होमर रेनी यांना काढले, तेव्हा डोबीने उघड टीका केली. १९४७ मध्ये वाढीव रजा नाकारली गेली आणि त्याची नोकरी संपली.

लोककथा जशी ऐकली तशी नोंदवावी, हा अभ्यासकांचा दंडक त्याने पाळला नाही. चांगली गोष्ट आणखी चांगली करून सांगायचा त्याला मोह होता. त्यामुळे त्याचे संग्रह वाचायला रसाळ, पण पुरावा म्हणून जपून वापरावेत असे आहेत. अमेरिको पारेदेस या मेक्सिकन-अमेरिकन अभ्यासकाने त्याची बोचरी टिंगल केली. उलट सीमाभागातील कथा गोळा करणाऱ्या होविता गोंझालेस यांना डोबीनेच पुढे आणले, हेही खरे.

१४ सप्टेंबर १९६४ रोजी त्याला राष्ट्राध्यक्षांचे स्वातंत्र्यपदक मिळाले आणि चारच दिवसांनी तो वारला. ऑस्टिनजवळ बार्टन क्रीकवरची त्याची २५४ एकरांची रँच ‘पायसानो’ (रोडरनर पक्ष्याचे स्थानिक नाव) १९६७ पासून लेखकांना राहून लिहिण्यासाठी दिली जाऊ लागली. तिथे जायचा रस्ता ओढ्याच्या पात्रातून आहे. पूर आला की वाट बंद होते, तेव्हा राहणाऱ्याने शिधा आधीच भरून ठेवलेला बरा.