दिसतो तिथे तळ नसतो

उन्हाळ्याच्या सुट्टीत गावच्या विहिरीत पोहायला शिकताना माझ्या कमरेला वाळका भोपळा असायचा आणि पायरीवर आबा बसलेले असायचे. पाणी इतके नितळ, की तळाचे दगड मोजावेत. "तळ दिसतुया म्हणून पाय टेकंल असं समजू नगंस," आबा रोज बजावायचे. एकदा भोपळा सोडून मी पुढच्या दगडावर उतरायला गेलो. छातीइतके पाणी असेल, असा माझा अंदाज. पाणी डोक्यावरून गेले. आबांनी दंडाला धरून वर ओढले.

अंदाज चुकला, कारण प्रकाशाची वाट मला ठाऊक नव्हती. प्रकाश हवेत सेकंदाला सुमारे 3 लाख किलोमीटर जातो, पाण्यात जेमतेम सव्वादोन लाख. या दोन वेगांचे गुणोत्तर म्हणजे पाण्याचा अपवर्तनांक, 1.33. वेग बदलला की तिरका जाणारा किरण पृष्ठभागापाशी वळतो. दगडावरून निघालेले किरण पाण्याबाहेर पडताना एकमेकांपासून जास्त फाकतात. डोळ्याला हे वळण कळत नाही. किरण सरळच आले असे धरून तो त्यांना मागे जोडतो, आणि ते जिथे मिळतात तिथे दगड आहे असे मानतो. ती जागा खऱ्या दगडाच्या वर असते.

इथे एक शंका हमखास येते, आणि ती रास्त आहे. अगदी सरळ खाली पाहिले तर किरण वळतच नाही. मग तेव्हाही तळ वर का दिसतो? कारण एकट्या किरणाने अंतर कळत नाही. बाहुलीत शिरतो तो किरणांचा बारीक झोत, शिवाय दोन डोळे दोन जागांवरून पाहतात. मधला किरण सरळ आला तरी आजूबाजूचे किंचित वळलेले असतात, आणि अंतराचा हिशेब त्यांच्यावरच होतो. म्हणून वरून पाहताना 12 फुटांवरचा तळ 9 फुटांवर वाटतो.

तिरके पाहिले की फसगत वाढते. काठावरून दूरवर नजर टाकली तर तळ निम्म्याहूनही कमी खोल भासू शकतो. यामुळे सपाट तळाच्या तलावात आपण उभे असतो तिथेच पाणी सर्वांत खोल वाटते, आणि पुढचा तळ चढत गेल्यासारखा दिसतो. चार पावले पुढे जावे, तर तो चढ तेवढाच पुढे सरकलेला असतो. नितळ पाण्याच्या जुन्या खाणी आणि शेततळी मला गढूळ पाण्यापेक्षा जास्त भीतिदायक वाटतात ती यासाठी. गढूळ पाण्यात माणूस निदान काठी घालून पाहतो.

वाटीच्या तळाशी नाणे ठेवून ते कडेआड दिसेनासे होईपर्यंत मागे सरका, मग कुणाला तरी वाटीत हळूच पाणी ओतायला सांगा. नाणे वर येते. दुसऱ्या शतकात अलेक्झांड्रियाच्या टॉलेमीने हा प्रयोग लिहून ठेवला आणि किरण वळण्याचे कोनही मोजले. अचूक नियम मात्र त्याच्या हाती लागला नाही. तो 984 च्या सुमारास बगदादच्या इब्न सहलने मांडला, आणि 1621 मध्ये हॉलंडच्या स्नेलला स्वतंत्रपणे सापडला. आज तो स्नेलच्या नावाने शिकवतात.

पाण्यातून बाहेर पाहताना हाच हिशेब उलटा होतो. वरची वस्तू असते त्याहून लांब दिसते. पाण्यापासून 3 फूट उंचीवरचा हात 4 फुटांवर वाटतो. त्या दिवशी पाण्याखालून मला आबांचा हात अंधूक दिसला होता, आणि तो फार उंच वाटला होता. तो होता त्याहून जवळ.