टाइपरायटर इफेक्टसाठी ‘स्लीप’ लागत नाही
गेममधला संवाद एकेक अक्षराने उमटवायचा तर लूपमध्ये प्रत्येक अक्षरानंतर स्लीप (प्रोग्रॅमला ठरावीक वेळ थांबवणारी आज्ञा) टाका, हा सल्ला नवशिक्यांना वर्षानुवर्षं दिला जातोय. टर्मिनलवर तो चालून जातो, म्हणूनच टिकलाय. गेममध्ये मात्र तो चुकीचा आहे.

पायगेममध्ये (पायथनमध्ये गेम बनवायची लायब्ररी) मुख्य लूप सहसा सेकंदाला 60 वेळा फिरवतात. चित्र, कीबोर्ड, हालचाल सगळं त्याच फेरीत होतं. स्लीप ती फेरीच अडवतो. 40 अक्षरं, दर अक्षराला 0.05 सेकंद, म्हणजे पूर्ण 2 सेकंद गेम गोठतो. त्यात स्क्रीन अपडेट होत नसेल तर शेवटी सगळं वाक्य एकदमच दिसतं. (गोडो या गेम इंजिनमधली ‘अवेट’ ही थांबण्याची आज्ञा वेगळी, ती फक्त आपलं फंक्शन थांबवते, गेम नाही.)

थांबू नका, वेळ मोजा. दर फेरीत गेलेला वेळ एका व्हेरिएबलमध्ये मिळवा, त्याला वेगाने गुणा आणि तेवढीच अक्षरं दाखवा. वेग सेकंदाला 20 अक्षरं असेल तर दीड सेकंदाला 30 अक्षरं.

मराठीत आणखी एक जपा. पायथन ‘नमस्ते’ची लांबी 6 मोजतो, 4 वर कापलं की ‘नमस्’ असं अर्धवट दिसतं. म्हणून आधी जोडाक्षरं आणि मात्रा एकत्र धरून तुकडे करा, मग ते तुकडे मोजा.