पानं खुडल्याने चेरी टोमॅटो लवकर पिकत नाहीत

‘फळांना ऊन लागलं की लवकर लाल होतात, पानं खुडा’ हा सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय. टोमॅटो पिकतो तो तापमान आणि फळात तयार होणाऱ्या इथिलीन वायूमुळे. पिकायला फळावर ऊन पडण्याची गरज नसते. लाल रंग २० ते २५ अंशांत छान चढतो. ३० च्या वर तो अडतो, म्हणून एप्रिलमध्ये गच्चीवरची फळं पिवळट-नारिंगीच राहतात. तेव्हा पानं काढली तर उघड्या फळांवर पांढरे, कागदासारखे चट्टे पडतात, आणि साखर बनवणारी पानं गेल्याने चवही उतरते. पहिल्या घोसाखालची, मातीला टेकणारी पानं मात्र जरूर काढा. करपा, म्हणजे पानांवर डाग पाडणारा बुरशीचा रोग, बहुतेकदा तिथूनच चढतो. बाकी उपाय सोपा: दुपारी शेडनेट (सावलीची जाळी), आणि रंग बदलू लागलेली फळं तोडून घरात, फ्रीजबाहेर ठेवणं.