शालेय उद्योजकता व अर्थसाक्षरता कार्यक्रम

मुलामुलींना शाळेत असतानाच पैशाचा व्यवहार समजावा आणि स्वतःच्या कल्पनेतून एखादे काम उभे करून पाहता यावे, यासाठी अभ्यासक्रमात किंवा अभ्यासक्रमाला जोडून चालवले जाणारे शिक्षण. अर्थसाक्षरतेत उत्पन्न, खर्च, बचत, व्याज, कर्ज, विमा, कर, महागाई, जोखीम आणि फसवणूक ओळखणे हे विषय येतात. उद्योजकतेत लोकांची गरज हेरणे, वस्तू किंवा सेवा तयार करणे, किंमत ठरवणे, भांडवल उभारणे, कामाची वाटणी करणे आणि अंगावर आलेला तोटा समजून घेणे यांचा समावेश होतो. पुष्कळ ठिकाणी हे दोन विषय वेगवेगळ्या तासांना, वेगवेगळ्या शिक्षकांकडून शिकवले जातात. त्यात दोन्हींचे नुकसान होते. हिशोब न येता काढलेला धंदा करमणुकीपुरता उरतो, आणि एकही निर्णय घ्यायला न मिळता शिकलेला हिशोब परीक्षा संपताच विसरला जातो.

इतिहास

मुलांना पैसा शिकवण्याचा शाळांमधला सर्वांत जुना मार्ग म्हणजे शालेय बचत बँक. फ्रान्समधील ल माँ या शहरात १८३४ मध्ये अशी बँक सुरू झाली. पुढे बेल्जियममधील गेंट येथे फ्रांस्वा लोराँ या कायद्याच्या प्राध्यापकांनी १८६६ पासून ही कल्पना शाळाशाळांत नेली आणि तिथून ती युरोपभर पसरली. मुलांनी आठवड्याला थोडी नाणी आणायची, शिक्षकांनी ती नोंदवून घ्यायची, असे तिचे स्वरूप असे. काटकसर हा सद्गुण मानून तो अंगी बाणवणे हा हेतू होता. पैसा कुठून येतो, हा प्रश्न त्यात नव्हता.

तो प्रश्न अमेरिकेत पुढे आला. १९१९ मध्ये मॅसॅच्युसेट्समधील स्प्रिंगफील्ड येथे होरेस मोझेस, थिओडोर व्हेल आणि विन्थ्रॉप मरी क्रेन यांच्या पुढाकाराने ज्युनियर अचीव्हमेंट ही संस्था सुरू झाली. शाळा सुटल्यावर मुलांनी जमायचे, छोटी कंपनी काढायची, माल तयार करून विकायचा आणि वर्षाच्या शेवटी ती कंपनी रीतसर गुंडाळायची, ही तिची पद्धत होती. १९७५ मध्ये संस्थेने वर्गातला पहिला कार्यक्रम सुरू केला आणि हे शिक्षण शाळेच्या वेळेत आले. आज विद्यार्थी कंपनी म्हणून जगभर जे चालते, त्याचा साचा इथलाच आहे.

तिसरा प्रवाह मुंबईतून निघाला. जेरू बिलिमोरिया यांनी १९९१ च्या सुमारास मुलांसाठी सुरू केलेल्या कामातून पुढे ‘अफलातून’ हा कार्यक्रम घडला, आणि २००५ मध्ये त्याचे आंतरराष्ट्रीय केंद्र ॲमस्टरडॅम येथे उभे राहिले. बचत आणि छोटे उपक्रम यांच्या जोडीला मुलांचे हक्क व जबाबदाऱ्याही शिकवायच्या, हे त्याचे वेगळेपण. ही जोड किती महत्त्वाची आहे, हे पुढे घानातील प्रयोगाच्या संदर्भात येईल.

एकविसाव्या शतकात सरकारे यात उतरली. इंग्लंडने सप्टेंबर २०१४ पासून माध्यमिक शाळांच्या नागरिकशास्त्रात वैयक्तिक अर्थव्यवहाराचा भाग आणला. आर्थिक सहकार्य व विकास संघटनेच्या पिसा या अनेक देशांत घेतल्या जाणाऱ्या शालेय चाचणीत २०१२ पासून पंधरा वर्षांच्या मुलांची अर्थसाक्षरताही तपासली जाऊ लागली. २०२२ च्या फेरीत सहभागी सदस्य देशांमधील सरासरी १८ टक्के विद्यार्थी किमान पातळीच्या खाली राहिले. युरोपीय आयोगाने २०१६ मध्ये उद्योजकतेच्या पंधरा क्षमतांची चौकट प्रसिद्ध केली. दिल्ली सरकारने २०१९ मध्ये नववी ते बारावीसाठी उद्योजकीय मनोवृत्तीचा अभ्यासक्रम आणला आणि २०२१ मध्ये अकरावी-बारावीच्या मुलांना उपक्रमासाठी प्रत्येकी २,००० रुपयांपर्यंत बीजभांडवल देऊ केले. सरकारी शाळेतल्या मुलाच्या हाती असे भांडवल देणे, हे त्या मुलावर दाखवलेल्या विश्वासाचे मोठे उदाहरण आहे.

वर्गात काय घडते

लहान वयात गरज आणि हौस यांतला फरक, वाट पाहण्याची सवय आणि निवड एवढे पुरे असते. दहा-अकराव्या वर्षापासून जमाखर्चाची वही लिहिता येते. चक्रवाढ व्याज मात्र टक्केवारी पक्की झाल्याशिवाय घेऊ नये, नाहीतर ते नुसते सूत्र म्हणून पाठ होते. ते पोहोचवण्याचा एक सोपा मार्ग म्हणजे ७२ चा नियम : ७२ ला व्याजदराने भागले की रक्कम दुप्पट व्हायला अंदाजे किती वर्षे लागतात ते कळते. सहा टक्क्यांनी बारा वर्षे, चोवीस टक्क्यांनी तीन. मुलांना बचतीचे उदाहरण आवडते. पण तोच नियम कर्जाला लावून दाखवला की वर्ग गप्प होतो, कारण चोवीस टक्क्यांचे न फेडलेले कर्जही तीनच वर्षांत दुप्पट होते.

अर्थसाक्षरता तपासण्यासाठी आना मारिया लुसार्डी आणि ऑलिव्हिया मिचेल यांनी तयार केलेले तीन प्रश्न जगभर वापरले जातात. ते व्याज, महागाई आणि जोखमीची विभागणी (सगळा पैसा एकाच ठिकाणी न गुंतवणे) यांवर आहेत. पहिला असा : खात्यात १०० आहेत, व्याज वर्षाला २ टक्के, तर पाच वर्षांनी १०२ पेक्षा जास्त होतील, तेवढेच की कमी? प्रश्न सोपा वाटतो, तरी अनेक देशांत मोठी माणसेही तिन्ही उत्तरे बरोबर देऊ शकत नाहीत. मुलांसाठी हे प्रश्न सुरुवातीला एकदा आणि शेवटी एकदा विचारावेत, मध्ये त्यांची घोकंपट्टी करू नये.

उद्योजकतेचा भाग बहुधा विक्रीच्या दिवशी कळसाला पोहोचतो. खरे शिक्षण मात्र दुसऱ्या दिवशी, हिशोबाला बसल्यावर होते. समजा आठ मुलांनी ५० शुभेच्छापत्रे केली. चलन बाजूला ठेवून नुसत्या एककांत पाहू. प्रत्येक पत्राला साहित्य १२, म्हणजे एकूण ६००. मेज आणि फलक यांचा खर्च ८०. किंमत २०, आणि विकली गेली ३५. मुले पहिल्या झटक्यात म्हणतात, एका पत्रामागे ८ सुटले, म्हणजे नफा २८०. पेटी उघडली तर ७०० जमा, ६८० खर्च आणि शिल्लक फक्त २०. उरलेले २६० कुठे गेले? ८० मेज आणि फलकाला गेले, हे पटकन सापडते. बाकीचे १८० उरलेल्या पंधरा पत्रांत अडकले आहेत, हे सापडायला वेळ लागतो. ती पत्रे पुढे विकली जाणार असतील तर तो साठा आहे, आणि आजचा नफा २०० धरता येतो. विकली जाणार नसतील तर हाती २० च राहिले. नफा आणि रोकड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे इथे फळ्यावर न लिहिताही कळते. मग शिक्षकाने शेवटचा प्रश्न टाकावा : आठ जणांनी तीन-तीन तास काम केले, त्या चोवीस तासांची मजुरी कुणी धरली?

या हिशोबासाठी विक्रीइतकाच वेळ राखून ठेवायला हवा. वेळापत्रक आखताना नेमका तोच आधी कापला जातो, आणि छायाचित्रे व बक्षिसे उरतात.

भांडवल आणि कायदा

बहुतेक देशांत अल्पवयीन व्यक्तीला स्वतःच्या नावे बंधनकारक करार करता येत नाही. त्यामुळे विद्यार्थी कंपनी शाळेच्या किंवा आयोजक संस्थेच्या छत्राखाली चालते, पैसे त्यांच्या खात्यात ठेवले जातात आणि जबाबदारीही त्यांचीच असते. भांडवल तीन प्रकारे येते : अनुदान, परतफेडीचे बिनव्याजी कर्ज, आणि छोट्या रकमेचे समभाग. शिकण्याच्या दृष्टीने समभाग सर्वांत सकस. दुसऱ्याचे पैसे वापरले की त्याला हिशोब द्यावा लागतो, आणि तोटा झाला तर तसे तोंडावर सांगावे लागते. मात्र भागाची रक्कम इतकी लहान हवी की बुडाली तरी कोणत्याही घराला झळ लागू नये. पालकांनी साहित्य फुकट पुरवले तर तेही बाजारभावाने वहीत लिहिलेच पाहिजे. नाहीतर सुखवस्तू घरातली मुले हुशार ठरतात आणि बाकीची मागे पडल्यासारखी दिसतात, हा मुलांवर अन्याय आहे.

परिणाम

या कार्यक्रमांनी खरोखर फरक पडतो का, यावर बराच वाद झाला. फर्नांडिस, लिंच आणि नेटेमेयर यांनी २०१४ मध्ये २०१ अभ्यास एकत्र तपासले. त्यांच्या मते पैशाच्या वर्तनातल्या फरकाचा जेमतेम ०.१ टक्का भाग अशा शिक्षणाने समजावता येतो, आणि अनेक तासांच्या शिकवणीचाही प्रभाव दोनेक वर्षांत ओसरतो. पुढे कायझर, लुसार्डी, मेंकहॉफ आणि उर्बान यांनी यादृच्छिक निवडीचे, म्हणजे शिक्षण कोणाला द्यायचे हे सोडतीसारखे ठरवलेले, ७६ प्रयोग तपासले. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेला त्यांचा निष्कर्ष अधिक आशादायक होता : ज्ञान आणि वर्तन दोन्हींवर चांगला परिणाम दिसतो.

ब्राझीलमध्ये सुमारे ८९० माध्यमिक शाळांत झालेला प्रयोग यातला सर्वांत बोलका. पैशाचे धडे वेगळा विषय न करता गणित, भाषा, समाजशास्त्र अशा चालू विषयांत गुंफले गेले. मुलांचे ज्ञान वाढले, ती बचत आणि खर्चाची आखणी करू लागली. पण त्याच वेळी हप्त्यांवरची खरेदी आणि महागडी उधारीही वाढली. अनेक वर्षांनी पुन्हा पाहिले तेव्हा हीच मुले महागड्या कर्जापासून दूर राहत होती, आणि स्वतःचा छोटा व्यवसाय असलेल्यांचे प्रमाण त्यांच्यात अधिक होते. शिक्षण संपताच घेतलेल्या मोजमापावर कार्यक्रमाचा निवाडा करू नये, याला याहून चांगला पुरावा नाही.

घानातील १३५ शाळांत नुसते अर्थशिक्षण आणि अर्थशिक्षण अधिक सामाजिक शिक्षण (अफलातूनची रीत) अशा दोन रीती तपासल्या गेल्या. दोन्हींत शाळेतली बचत वाढली, पण मुख्यतः मुलांनी घरातली बचत शाळेत आणल्यामुळे. नुसते अर्थशिक्षण मिळालेली मुले मजुरीही अधिक करू लागली. सामाजिक शिक्षणाची जोड असलेल्या गटात तसे दिसले नाही. दोन गटांतला हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर पक्का ठरला नाही, तरी इशारा गंभीर आहे : पैशाची गोडी लावताना मुलाचे बालपण खर्ची पडता कामा नये.

उद्योजकतेबाबत नेदरलँड्समधील दोन अभ्यास महत्त्वाचे. महाविद्यालयीन वयाच्या तरुणांसाठीच्या विद्यार्थी कंपनी कार्यक्रमावरील २०१० च्या अभ्यासात कौशल्ये वाढलेली दिसली नाहीत आणि उद्योजक होण्याची इच्छाही कमी झाली. अकरा-बारा वर्षांच्या मुलांवरील २०१४ च्या अभ्यासात मात्र आत्मविश्वास, चिकाटी, सर्जनशीलता अशा गुणांत वाढ आढळली, विषयाचे ज्ञान मात्र तेवढेच राहिले. म्हणजे लवकर सुरुवात करण्यात अर्थ आहे. इच्छा कमी होणे हे अपयशही नव्हे. धंद्यात काय सोसावे लागते हे पाहून एखाद्या मुलीने नोकरीची वाट विचारपूर्वक निवडली, तर कार्यक्रमाने आपले काम केले.

आक्षेप

सर्वांत मोठा आक्षेप पैसे कोण देतो यावर आहे. बँका, विमा कंपन्या आणि दलाली संस्था अशा उपक्रमांना आनंदाने निधी देतात, कारण वर्गातली मुले उद्याचे ग्राहक असतात. ऑस्ट्रेलियाच्या वित्तीय नियामकाने २०२० मध्ये शालेय बचत योजनांचा आढावा घेतला. या योजनांनी मुलांची बचतीची सवय खरोखर सुधारते, हे त्या चालवणाऱ्यांना दाखवता आले नाही, असे त्याला आढळले. व्हिक्टोरिया राज्याने सरकारी शाळांतून अशा योजना बंद करण्याचा निर्णय घेतला. निधी घेणाऱ्या शाळेने निदान दोन अटी घालाव्यात : पाठ्यसामग्रीवर देणगीदाराचे चिन्ह नसावे, आणि वर्गात कोणाचेही खाते उघडले जाऊ नये.

दुसरा आक्षेप असा की गरिबीचा दोष व्यक्तीच्या अज्ञानावर ढकलला जातो. तो निराधार नाही. ज्या घरात महिनाअखेर काहीच उरत नाही तिथे बचतीचा धडा टोचतो. अशा वर्गात मजुरीचे दर, कर्जाच्या अटी, ग्राहकाचे हक्क आणि तक्रार कुठे करायची हे आधी शिकवावे, गुंतवणूक नंतर.