तीनने गुणायचं की अडीचने? घरगुती ॲनिमोमीटरची पार्श्वभूमी

ॲनिमोमीटर म्हणजे वाऱ्याचा वेग मोजायचं यंत्र. गच्चीवर फिरणाऱ्या त्याच्या वाट्यांवरून वाऱ्याचा वेग काढायला एक आकडा लागतो: वाट्यांच्या वेगाच्या किती पट वारा आहे, तो. हौशी मंडळी त्याला नुसतं ‘फॅक्टर’ म्हणतात. कुणी तो ३ धरतं, कुणी २.५, आणि शेजारशेजारच्या दोन गच्च्यांवर एकाच वाऱ्याचे दोन वेग निघतात.

याचं मूळ बरंच लांब आहे. १८४६ साली आयर्लंडमधल्या एका खगोलशास्त्रज्ञाने चार अर्धगोल वाट्यांचं यंत्र तयार केलं. वाट्या केवढ्याही असोत, दांडे कितीही लांब असोत, त्या वाऱ्याच्या एक तृतीयांश वेगानेच फिरतात, असं त्यांनी ठामपणे मांडलं. हिशेब इतका सोपा होता की तो सगळीकडे रुजला. प्रत्यक्षात वाटीचा व्यास किंवा दांड्याची लांबी बदलली की फॅक्टरही बदलतो. २ पासून ३ च्या थोडं वर, कुठेही. हे लक्षात येईपर्यंत कितीतरी नोंदी ३ ने गुणून वह्यांत चढल्या होत्या. १९२६ मध्ये कॅनडातून तीन वाट्यांची रचना आली. ती वाऱ्याच्या झोतांना लवकर दाद देते, म्हणून आपणही आज तीनच वाट्या लावतो. फॅक्टर मात्र अनेकांच्या डोक्यात अजून जुनाच आहे.

कुलाब्याची वेधशाळा १८२६ सालची. पण मुंबईतल्या हौशी माणसाच्या हाती हे यंत्र आलं ते भंगारातून. व्हीसीआर (व्हिडिओ कॅसेटची यंत्रं) मोडीत निघू लागले तसे त्यांचे हेड-ड्रम, म्हणजे टेप वाचणारे फिरते गोल भाग, चोरबाजारात आणि दुरुस्तीच्या दुकानांत स्वस्तात मिळू लागले. टिचकी मारली तरी तो ड्रम आवाज न करता बराच वेळ फिरत राहायचा. इतकं हलकं बेअरिंग विकत घ्यायचं म्हटलं तर परवडलं नसतं. त्यावर सायकलच्या स्पोकचे तीन दांडे आणि टोकांना मधोमध कापलेले टेबल टेनिसचे चेंडू. हा चेंडूही २००० साली ३८ मिलिमीटरचा ४० झाला, म्हणजे जुन्या चेंडूंवर कुणी फॅक्टर काढला असेल तर नव्या चेंडूंना तो तसाच लावता येत नाही.

फेऱ्या मोजायला सायकलचा डिजिटल मीटर असायचा. एक चुंबक, एक रीड स्विच (चुंबक जवळ आलं की लागणारा काचेतला स्विच), आणि मीटरमध्ये चाकाचा घेर मिलिमीटरमध्ये भरायचा. वाद नेमका इथे यायचा. मध्यापासून वाटीच्या मध्यापर्यंत ७ सेंटिमीटर धरले तर वाटी एका फेरीत ४४० मिलिमीटर जाते. फॅक्टर ३ मानणारा मीटरमध्ये १३२० भरायचा, २.५ मानणारा ११००. सेकंदाला १० फेऱ्या झाल्या की पहिला मीटर ताशी ४७.५ किलोमीटर दाखवायचा आणि दुसरा ३९.६. दोघेही आपापल्या आकड्याची शपथ घ्यायला तयार.

२००५ नंतर अर्डुइनो हा छोटा प्रोग्रॅम करता येणारा बोर्ड आला, पुढे दशकभरात स्वस्त वाय-फाय चिपा आल्या, आणि लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात लोक व्हीसीआरऐवजी हॉल सेन्सर (चुंबक ओळखणारी चिप) आणि ६०८ नंबरचं बेअरिंग मागू लागले. त्याच सुमाराला परदेशी तयार संचाचा एक आकडा पसरला: सेकंदाला एक टिक (स्विच एकदा लागणं) म्हणजे ताशी २.४ किलोमीटर. तो आकडा त्या संचाच्या वाट्यांचा आणि त्या दांड्यांचा आहे. तरी लोक तोच कोड उचलून घरच्या स्टीलच्या वाट्यांना लावतात. त्यात काही यंत्रांत एका फेरीत स्विच दोनदा लागतो. टिक आणि फेरी यांत गल्लत झाली की वेग थेट दुप्पट किंवा निम्मा. १८४६ च्या चुकीपेक्षा मला ही जास्त लागते, कारण आता तपासायची साधनं प्रत्येकाच्या खिशात आहेत. जानेवारीतल्या पहाटे वारा पडलेला असताना रिकाम्या रस्त्यावर गाडीच्या टपापासून मीटरभर वर यंत्र धरायचं, फोनच्या जीपीएसवर वेग पाहायचा, त्याच रस्त्याने उलटं यायचं आणि दोन्हींची सरासरी घ्यायची. एवढ्यात आपल्या यंत्राचा स्वतःचा फॅक्टर मिळतो.

दिशेच्या बाबतीत एवढी ओढाताण झाली नाही. शाळेच्या पुस्तकातला वातकुक्कुट कोंबडा गमावून नुसता बाण झाला. त्याच्या पोटात आठ रीड स्विच बसले, आणि चुंबक दोघांच्या मध्ये आलं की दोन्ही लागतात म्हणून आठातून सोळा दिशा मिळू लागल्या. जोडताना तारेचे पाय वाकवले की या स्विचची काच कचकन फुटते. ती टिकली तरी समुद्राकडची खारी हवा दोन पावसाळ्यांत जोड गंजवते, म्हणून आता बरेच जण चुंबकाचा कोन थेट वाचणारी चिप वापरतात.

५ ऑगस्ट २०२० ला कुलाब्याला झोत ताशी शंभर किलोमीटरच्या वर गेले, पुढच्या मे महिन्यात तौक्ते चक्रीवादळ आलं, आणि गच्च्यांवरचे आकडे व्हॉट्सॲपवर फिरू लागले. अधिकृत वेग उघड्या जागी १० मीटर उंचीवरचा आणि काही मिनिटांच्या सरासरीचा. झोत तीन सेकंदांचा. गच्चीच्या कठड्यावरचं वाचन दोन्हींत बसत नाही. शिवाय वाट्या झोताबरोबर पटकन वेग घेतात आणि तो सावकाश सोडतात, त्यामुळे सोसाट्यात सरासरीही फुगते. पत्रा किंवा फलक टिकेल का याचा अंदाज कुणी या आकड्यांवरून बांधला तर प्रश्न गंभीर होतो: वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणून २.५ च्या जागी ३ धरला की वेगात २० टक्के आणि दाबात ४४ टक्के फरक पडतो.

अलीकडे ४० किलोहर्ट्झच्या ध्वनिलहरींवर चालणारी यंत्रं घरी जुळवली जात आहेत. आवाज दोन्ही दिशांनी पाठवून दोन्ही वेळा मोजल्या आणि त्यांवरून निघालेल्या दोन वेगांतला फरक घेतला की फॅक्टरही नको आणि तापमानाची दुरुस्तीही नको. पण सेन्सरच्या तोंडावर पावसाचा थेंब बसला की वाचन भरकटतं. म्हणून जून ते सप्टेंबर गच्चीवर अजून वाट्याच फिरतात.