थर्मोस्टॅट वेगळा, टायमर वेगळा

इंग्लंडमधल्या आमच्या घराचं हीटिंग दोन जागांहून चालतं: हॉलच्या भिंतीवर थर्मोस्टॅट, स्वयंपाकघरात बॉयलरशेजारी टायमर. (बॉयलर गॅसवर पाणी तापवतो, ते खोल्यांतल्या रेडिएटरांत फिरून घर गरम करतं.) आई साताऱ्याहून सहा महिन्यांसाठी आली, तेव्हा हा फरक तिला सांगायचा राहूनच गेला. टायमर आमच्या नोकरीच्या वेळांवर लावलेला: सकाळी साडेआठला बंद, संध्याकाळी पाचला चालू. दुपारी घर गारठलं म्हणून तिने थर्मोस्टॅट 20 वरून 26 वर नेला. रेडिएटर थंडच. साडेसातला आम्ही दार उघडलं तर घराची भट्टी झालेली, आणि आई मात्र दिवसभर शाल गुंडाळून कुडकुडलेली. आम्हाला फोनसुद्धा केला नव्हता तिने.

किती गरम हवं ते थर्मोस्टॅट ठरवतो, कधी हवं ते टायमर. दोघांचं ‘हो’ आलं तरच बॉयलर पेटतो. पंख्याच्या रेग्युलेटरची सवय असल्याने आपल्याला वाटतं, आकडा वाढवला की घर लवकर तापेल. पण साधा थर्मोस्टॅट बॉयलरला फक्त चालू किंवा बंद सांगतो. 26 वर ठेवा की 20 वर, 20 गाठायला वेळ तेवढाच. जादा गॅस जळतो तो त्यापुढे. बाहेर 5 अंश असताना आत 20 म्हणजे फरक 15; उष्णतेची गळती या फरकाच्या प्रमाणात. आत 26 केलं की गळती 40 टक्क्यांनी जास्त.

घर रिकामं असताना हीटिंग बंद केलं तर पुन्हा तापवायला उलट जास्त लागतं, असं बरेच जण सांगतात. गॅस बॉयलरच्या घरात हे खरं नाही. समजा बाहेर तेच 5 अंश असताना 20 अंशांना तासाला 3 युनिट उष्णता निसटते. नऊ तासांत 27. बंद ठेवून घर हळूहळू 15 वर आलं, तर सरासरी फरक साडेबारा, गळती साडेबावीस युनिट, आणि बॉयलरला भरून काढावी लागते ती एवढीच. घर निवतं तशी गळतीही मंदावते. (हीट पंपाला, म्हणजे बाहेरची उष्णता खेचून आत आणणाऱ्या विजेवरच्या यंत्राला, हा हिशोब जसाच्या तसा लावू नका, त्याला संथ, सलग चालणं मानवतं.)

पण आई घरात असताना घर रिकामं नव्हतंच. जागतिक आरोग्य संघटना थंडीत घरात किमान 18 अंश सुचवते. वयस्कर माणसांना त्याहून जास्त लागू शकतं. म्हणून टायमर दिवसभर चालू केला, थर्मोस्टॅट 20 वर आणला, वरच्या रिकाम्या खोल्यांतले रेडिएटर व्हॉल्व्ह कमी करून दारं लावून घेतली. बिल वाढलं, वाढू दे. आई पहाटे पाचला उठते. तेव्हा टायमरवरचं एका तासाचं जादा बटण आता तीच दाबते.