पांडवलेण्याचा डोंगर ज्वालामुखी नव्हे

पांडवलेण्याच्या डोंगराचा शंकूसारखा आकार पाहून 'हा विझलेला ज्वालामुखी' असं नाशकात बरेच जण ठासून सांगतात. दगड ज्वालामुखीचाच आहे, डोंगर मात्र नाही. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी दख्खनची जमीन लांबच लांब भेगांनी फाटली आणि पातळ लाव्हा पुरासारखा पसरला. एक थर निवला की त्यावर दुसरा. पुढे पावसापाण्यानं हे थर झिजवले; उरलं ते हे डोंगर. त्यामुळे माथ्यावर कितीही शोधा, ज्वालामुखीचं मुख सापडायचं नाही.

खडीतला एखादा दगड उचलून बघा. बारीक भोकं दिसली तर ती लाव्हा थिजताना अडकलेल्या वायूच्या बुडबुड्यांची जागा. काहींत पाणी झिरपून झिओलाइट नावाच्या खनिजाचे पांढरे, चकाकणारे स्फटिक बनलेत. (लहानपणी आम्ही ते हिरे समजून खिशात कोंबायचो!)

चंद्रावरच्या ज्या काळ्या डागांत आपण ससा पाहतो, तेही असेच बेसॉल्टचे, म्हणजे लाव्हा थिजून बनलेल्या काळ्या दगडाचे, सपाट पसारे. जिवंत ज्वालामुखी हवा असेल तर अंदमानातलं बॅरन बेट आहे. आणि शेकड्यांनी हवे असतील, तर गुरूचा उपग्रह आयो.